तान्ही जमीन

हा तर आपल्या विहिरीतला दगड!

लेकीने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला होता. रेनकोट घातलेली माणसं एका धबधब्याच्या मागून चालत जातात, समोर पाण्याचा पडदा आणि पाठीशी काळीकभिन्न भिंत. बाकीचे पाणी बघत असतील, मी भिंत बघत बसले. थरावर थर, बारीक बारीक भोकं, मधूनच गंज चढल्यासारखा लालसर पट्टा. आमच्या शेतात विहीर खणताना सुरुंग लावून जो दगड वर काढला होता आणि जो आजही बांधावर पडून आहे, तोच! हुबेहूब! मी ह्यांना ओरडून बोलावलं. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "दगडच तो. दगडासारखाच दिसंन न!"

पण मला काही राहवेना. धबधब्याचं नाव सेल्यालांड्सफॉस, उंची साठेक मीटर, देश आइसलँड. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते. तीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दख्खनचं पठार लाव्हारसाच्या थरांनी बनलं, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणतीच नाही. लिहिलं, पुसलं, घरी आले. तो लाव्हा कधी गरम होता, धगधगत होता, वाहत होता, हे मनात म्हणून आलं नाही! आणि इथे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पलंगावर पालथी पडून मी बघत होते की आपल्या वावराखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे घडलं, ते तिकडे आजही घडतंय. 2010मध्ये ज्याच्या राखेने अर्ध्या युरोपची विमानं जमिनीवर बसवली तो एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखी तिथलाच. (हे नाव मी अजून पाचातून तीनदाच बरोबर म्हणते.) 2021मध्ये रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठशे वर्षांनी जमीन फाटली आणि लोक डबे घेऊन लाव्हा बघायला डोंगर चढले. सगळीच मौज नाही म्हणा. 2023च्या नोव्हेंबरात त्याच भागातलं ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं, आणि पुढच्या जानेवारीत लाव्हा थेट गावातल्या घरांपर्यंत आला.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात, लहान पोरांचे लहान नंदी आणि हौशी घरांचे माणसाहून मोठे. मला एकदम सुचलं, आइसलँड म्हणजे तान्ही जमीन! तिथला सगळ्यात जुना दगडसुद्धा दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, आमच्या विहिरीतल्या दगडासमोर बाळच. आणि सुर्त्से नावाचं एक बेट तर 14 नोव्हेंबर 1963 रोजी समुद्रातून धूर ओकत वर आलं. माझा जन्म जुलै 1963चा. म्हणजे जगाच्या नकाशावरचा तो तुकडा माझ्याहून चार महिन्यांनी लहान! तिथे फक्त शास्त्रज्ञांना उतरू देतात, नाहीतर राखी बांधून आले असते.

सकाळी चहा टाकताना जाहीर करून टाकलं, "आपण आइसलँडला जाऊ."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, कायले जाता तितल्या दूर? थंडीच खायाची असंन तं फ्रिज उघडा न!" हे काही बोललेच नाहीत. खर्चाचा आकडा ऐकल्यावर आणखी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच विचारलं, "कोणत्या महिन्यात?" मी तिथेच जिंकले.

आता महिन्याचं गणित ऐका, कारण यात मी आयुष्यात शिकवलेला सगळा भूगोल पणाला लागला. जूनमध्ये जावं तर तिथे रात्रच होत नाही. रेक्याविकला 21 जूनच्या सुमारास सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो आणि तीनच्या आत पुन्हा हजर. "मध्यरात्रीच्या सूर्याचा देश" या रिकाम्या जागेत आम्ही पिढ्यान् पिढ्या "नॉर्वे" लिहून घेतलं, मग इकडे कोण बघणार! पण जूनमध्ये आमची पेरणी. शिवाय रात्र नाही तर आकाशातले ते हिरवे प्रकाश, उत्तर ध्रुवीय ज्योती, त्या कुठून दिसणार? डिसेंबरात ज्योती आहेत तर दिवस जेमतेम चार तासांचा. धबधबे काय टॉर्च लावून बघायचे? सप्टेंबर अखेर उत्तम, रात्रही आणि दिवसही, पण "सोयाबीन कोण सोंगंन, तुया आइसलँडचा राजा?" हा ह्यांचा प्रश्न. (राजा नाही तिथे, राष्ट्राध्यक्ष आहे. 1980 साली त्यांनी विग्दिस फिन्बोगादोत्तिर या बाईंना निवडून दिलं. मतदानाने राष्ट्राध्यक्ष झालेली जगातली पहिली बाई.) शेवटी बोट ठेवलं मार्चच्या अखेरच्या आठवड्यावर. तूर-चणा घरात, गहू निघालेला, कपाशीचं शिवार मोकळं. विषुवदिन नुकताच गेलेला, म्हणून दिवस-रात्र जवळपास सारखे आणि ज्योती दिसायला संधी चांगली. इकडे वर्ध्याचं ऊन चटके द्यायला लागतं तेव्हा आम्ही शून्याच्या आसपास कुडकुडत असू!

मुक्काम पाच रात्री, गाईडसोबत, मिनीबसने. जावयाने सुचवलं होतं, गाडी भाड्याने घ्या, बेटाभोवती 1,322 किलोमीटरचा एकच रस्ता आहे, चुकायची सोय नाही. पण तिथला वारा असा की उघडलेलं दार बिजागरीतून निखळतं आणि छत्री उघडायची नसते, हे वाचल्यावर ह्यांनी स्टिअरिंगचा नाद सोडला. मार्चमध्ये रस्त्यावर बर्फ असतं. बोरखेडी-सिंदी रस्त्यावर पावसाळ्यात मोटरसायकल चालवणं वेगळं आणि हे वेगळं.

पहिला दिवस पोहोचण्यात जाणार. भारतातून थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलायचं. केफ्लाविक विमानतळ ते रेक्याविक पन्नासेक किलोमीटर, म्हणजे आमच्यापासून नागपूर समजा. घड्याळ साडेपाच तास मागे.

दुसरा दिवस माझा! आधी थिंगवेट्लिर. इथे 930 साली मोकळ्या माळावर त्यांची लोकसभा भरायला लागली, तीही कुठे, तर उत्तर अमेरिकेचं भूपट्ट आणि युरेशियाचं भूपट्ट जिथे एकमेकांपासून वर्षाला दोनेक सेंटिमीटरने दूर सरकतंय त्या भेगेत! मी "भूपट्ट विवर्तनी" शिकवताना दोन वह्या टेबलावर सरकवून दाखवायची. आता त्या दोन वह्यांच्या मधून चालायचं आहे. मग स्ट्रोक्कुर, पाच-दहा मिनिटांनी उकळतं पाणी पंधरा-वीस मीटर उडवणारा गरम झरा. शेजारच्या थोरल्या झऱ्याचं नाव गेसिर, त्याच्यावरूनच जगभर गिझर. म्हणजे आमच्या न्हाणीघरातल्या डब्याचं आजोळ बघणार मी! आपल्याकडे किनवटजवळ उनकेश्वरला गरम पाण्याचा झरा आहे, आम्ही लग्नानंतर गेलो होतो. तो शांत. हा थयथयाट करणारा. त्याच फेरीत गुट्लफॉस, दोन टप्प्यांत बत्तीस मीटर कोसळणारा धबधबा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दक्षिण किनारा, मुक्काम विक नावाच्या टीचभर गावात. रेनिसफ्याराला काळी वाळू, आणि बेसाल्टचे षट्कोनी खांब असे उभे की कोणी छिन्नीने घडवले असावेत. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि तडे जातात, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तशीच. तिथे लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही, अचानक एखादी लाट खूप आत येते आणि माणूस ओढून नेते, गाईड असला की हे तो ओरडून सांगतो. "दिलवाले"मधलं शाहरुख-काजोलचं गाणं याच किनाऱ्यावर घेतलंय. त्यात दिसणारा विमानाचा सांगाडा 1973 साली उतरावं लागलेल्या अमेरिकन नौदलाच्या विमानाचा, त्यातले सगळे वाचले. पुढे अडीच तासांवर योकुलसारलोन, हिमनदीतून तुटलेले बर्फाचे डोंगर तळ्यात तरंगताहेत, मागे वात्नायोकुल ही देशाचा आठ टक्के भाग झाकणारी हिमचादर.

खायचं काय, हा माझ्या जावेचा प्रश्न. तिथे स्कीर मिळतं, म्हणजे आपला चक्का, आंबटसर! आणि राय नावाच्या धान्याचा पाव असा भाजतात की पीठ भांड्यात बंद करून लॉइगारवात्न तळ्याकाठच्या तापलेल्या वाळूत पुरायचं, चोवीस तासांनी उकरायचं. अहो, आम्ही गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरतो ते वेगळं काय आहे? फक्त त्यांना गोवरी लागत नाही, आर जमिनीतच आहे. रेक्याविकमधल्या घरांना उष्णता जमिनीखालच्या गरम पाण्याची, रस्त्याचा बर्फसुद्धा त्याच पाण्याने वितळवतात. आणि डास! 2025च्या ऑक्टोबरपर्यंत त्या देशात डासच नव्हता. मग सापडले. किती? तीन! बातमी जगभर झाली. सिंदीत संध्याकाळी अंगणात बसलेल्या माणसाला ही बातमी वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

माणसंही मोजकी, जेमतेम चार लाख. आमच्या एका वर्धा जिल्ह्यात 2011च्या जनगणनेला तेरा लाख होती. आडनाव बहुतेकांना नाही, बापाचं नाव लावतात. मुलगा असेल तर बापाच्या नावापुढे सोन, मुलगी असेल तर दोत्तिर. मला पुन्हा झोप नाही! सोन म्हणजे आपला सूनु, दोत्तिर म्हणजे दुहिता, एकाच आजीची नातवंडं हे शब्द. आणि लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मी जरा जास्तच रेंगाळले, त्याला कारण आहे. माझा पासपोर्ट पहिल्या खेपेला अडकला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पेन्शनच्या कागदावर दोन्ही आणि मधे एक वेलांटी ऱ्हस्व. नागपूरला तीन चकरा झाल्या. आइसलँड शेंगेन करारातला देश, त्यामुळे व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, फी नव्वद युरो, आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. हे सगळं सरळ आहे. वेलांटी सरळ नव्हती.

पाचव्या दिवशी अर्धा दिवस मोकळा मागून घेतलाय, ह्यांच्यासाठी आणि ह्यांच्या रेल्वेप्रेमासाठी. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून आमचं सिंदी (रेल्वे). 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि आमच्या गावाला कंसातलं नाव मिळायची सोय झाली. ह्यांचं बालपण फलाटावर गेलं. आणि आइसलँडमध्ये प्रवासी रेल्वे नाही, कधी नव्हतीच! ह्यांना कळलं तेव्हा चेहराच उतरला. मग शोधून काढलं, 1913 ते 1917 मध्ये रेक्याविकचं बंदर बांधताना दगड वाहायला दोन वाफेची इंजिनं आणली होती. काम संपलं, रूळ पुढे उखडले, पण दोन्ही इंजिनं जपून ठेवलीत आणि त्यातलं एक आर्बायरच्या संग्रहालयात आहे. हे तिथे उभे राहून फोटो काढणार. मी पिशवीतून बांधावरचा मूठभर दगड नेणार आणि तिथल्या दगडाशेजारी ठेवून बघणार. तिथला दगड उचलून आणणार मात्र नाही.

मार्चला अजून वेळ आहे. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर आधी आधार आणि दाखला शेजारी शेजारी ठेवून नावातल्या वेलांट्या तपासा.