जोडीने शंभर किलोमीटर

हाँगकाँगमधली मॅकलेहोस ट्रेल साई कुंगच्या बाजूच्या पाक ताम चुंगपासून पश्चिमेला त्युन मुनपर्यंत शंभर किलोमीटर जाते. १९७९ मध्ये खुल्या झालेल्या या वाटेवर १९८१ मध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून ‘ट्रेलवॉकर’ सुरू झाली. १९८६ मध्ये ऑक्सफॅम हाँगकाँग तिच्याशी जोडली गेली आणि नागरिकांनाही भाग घेता येऊ लागला. मदतनिधीसाठीची ही चाल चौघांच्या संघाने ४८ तासांत पुरी करायची असते. त्या चौघांत नवरा-बायको असले, तर तयारीला काही वेगळे नियम लागतात.

तयारी काही महिने आधी सुरू होते. आठवड्यातून एक लांबची चाल आणि तिचे अंतर हळूहळू वाढवणे, हा तिचा कणा. शनिवारी लांब चालून रविवारी थकल्या पायांनी पुन्हा निघणे हा सराव विशेष उपयोगी, कारण दुसऱ्या दिवशीच्या पायांची खरी ओळख तिथेच होते. जिन्यांचा सराव चुकवू नये: मा ऑन शान आणि नीडल हिल इथले चढ दम काढतात, पण मांड्या मोडतात त्या उतारांवर. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून तो अधिक दुखावतो. हेडटॉर्च लावून निदान एकदा रात्रभर चालून पाहावे.

पायांची काळजी कंटाळवाणी, पण चाल बहुतेकदा तिच्यावरच अडते. घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो. सुती मोजे ओल धरून ठेवतात; लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे. तासन्‌तास चालून पाय सुजतो, म्हणून बूट थोडा मोठा हवा, आणि तो सरावात रुळलेला असावा. चुरचुर जाणवताच थांबून पट्टी लावावी. तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. नुसते पाणी ढोसण्यापेक्षा खारट खाणे सोबत असावे. काम शानच्या परिसरात मात्र खाऊ पिशवीतच ठेवावा, तिथली माकडे सराईत आहेत.

आता जोडीचा प्रश्न. दोघांची चाल क्वचितच सारखी असते. हळू चालणाऱ्याने पुढे राहावे, वेगवानाने मागे. उलट केल्यास पुढचा सतत वाट पाहत थांबतो आणि मागचा पोहोचला रे पोहोचला की पुन्हा निघतो. विश्रांती मिळते ती ज्याला नको असते त्याला! दुसरी अडचण लपवाछपवीची. जोडीदाराला काळजी नको म्हणून टाच सोलवटल्याचे कोणी सांगत नाही, आणि परक्यापुढे गिळला असता तो राग मात्र घरच्या माणसावर निघतो. म्हणून ठरावीक वेळाने प्रत्येकाने विचारण्याची वाट न पाहता पाय, पोट आणि डोके यांची खबर द्यावी. सोबतचे दोघे ऐकत असतात, त्यामुळे सूरही ताळ्यावर राहतो.

एकाने माघार घेतली, तर दुसऱ्याने पुढे जायचे की थांबायचे, हे घरीच ठरवावे. दोन-तृतीयांश वाट सरल्यावर, ९५७ मीटर उंचीच्या ताय मो शानवर पहाटेच्या गारठ्यात हा वाद मिटत नाही. शेवटचा टप्पा बराचसा सपाट, पाण्याच्या पाटालगतचा. तिथे झोपेशीच झगडावे लागते.

मांड्यांचे दुखणे एक-दोन दिवसांनी सर्वाधिक जाणवते. दोघेही एकाच वेळी जिने चढायला नाखूश असल्यामुळे बाजारहाट आणि स्वयंपाकाची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.