पेक्वॉट अ‍ॅव्हेन्यूवरचं घर

न्यूयॉर्कहून बॉस्टनकडे जाणारी गाडी समुद्राच्या कडेकडेने न्यू लंडनला येते. कनेक्टिकटमधलं हे जुनं बंदर. एकेकाळी देवमाशांच्या शिकारीला इथून जहाजं निघत. धक्क्यावर एका मुलाचा पुतळा आहे, वहीत काही टिपत बसलेला. हाच युजीन ओ'नील. त्याला १९३६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

थेम्स नदीच्या काठाने खाली गेलं की पेक्वॉट अ‍ॅव्हेन्यूवर ओ'नील कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर लागतं, माँटे क्रिस्टो कॉटेज. वडील जेम्स हे नावाजलेले नट. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'चे त्यांनी हजारो प्रयोग केले. त्या भूमिकेने पैसा दिला, पण त्यांच्यातल्या शेक्सपिअरच्या नटाला वाढू दिलं नाही. युजीनच्या जन्मानंतर आईला मॉर्फिनचं व्यसन जडलं. थोरला भाऊ जेमी दारूत बुडाला. १९१२ मध्ये युजीनला क्षय झाला. आरोग्यधामातल्या त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने नाटककार व्हायचं ठरवलं आणि १९१६ मध्ये प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरल्या एका जुन्या कोठारात त्याची पहिली एकांकिका रंगली.

मी बैठकीच्या खोलीत बराच वेळ थांबलो. 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट' घडतं ते इथे, १९१२च्या ऑगस्टमधल्या एका दिवसात. जिना अगदी जवळ, डोक्यावर झोपायच्या खोल्या. नाटकात बाप आणि मुलगे खाली बोलतात आणि मधेच गप्प होतात, कारण वर आईची पावलं वाजतात. ती पुन्हा मॉर्फिनकडे वळली आहे, हे त्या आवाजावरून तिघांनाही कळतं. बाहेर धुकं आणि भोंगा. वाचताना मला ही रंगसूचना वाटली होती. इथे समजलं की ओ'नीलने त्या घराची रचनाच नाटकाची रचना केली. इथे कुणाचंच दुःख दुसऱ्याच्या कानाआड राहू शकत नव्हतं.

हे नाटक त्याने १९३९ ते ४१ या काळात दूर कॅलिफोर्नियात, थरथरत्या हाताने लिहिलं. तोवर आई, वडील, भाऊ तिघंही गेले होते. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षं ते छापू नये, असं त्याने सांगून ठेवलं होतं. १९५३ मध्ये तो गेला. पत्नी कार्लोटाने १९५६ मध्येच ते प्रसिद्ध होऊ दिलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

त्यात खलनायक नाही. प्रत्येकाला त्याने आपली बाजू मांडू दिली, कंजूष बापालासुद्धा. ओ'नील वाचायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी, आणि जमलं तर घरच्यांत भूमिका वाटून, मोठ्याने.