निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाचे मूळ सांगतो. आपल्या बोलण्यात ‘किमान एवढे तरी’ अशी याचना करतो. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ दावे, म्हणजे वासराला बांधायची दोरी. हे आम्ही वर्गात कैकदा सांगितले होते. उमगले मात्र भोसरीत, वडिलांच्या आजारपणात.

वडील एमआयडीसीतले जुने टर्नर. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेत नळी बसवून डायलिसिस सुरू झाले. एकदा यंत्र लावून तास झाला नसेल, त्यांना हुडहुडी भरली. जवळच्या एका रुग्णालयात आधी प्रतिजैविक दिले आणि मग रक्त तपासणीस पाठवले. बाटलीत काहीच उगवले नाही. औषधाने जंतू दबले होते आणि पुरावाही.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेस दुसरीकडच्या तरुण डॉक्टरबाईंनी औषधाआधी रक्त घेतले: नळीतून आणि हाताच्या पाठीवरच्या शिरेतून, एकाच वेळी, सारख्याच मापाने, बाटल्यांवर जागा व वेळ लिहून. मग लगेच औषध. प्रयोगशाळेतले यंत्र बाटल्या उबेत ठेवते. जंतू वाढून कर्बवायू वाढला की खूण देते. दोन्हींत तोच जंतू निघाला आणि नळीतल्या रक्ताची बाटली निदान २ तास आधी बोलली, तर दोष नळीचा. कारण जंतूंची दाटी तिथे अधिक. हे ऐकून वडील म्हणाले, “जॉब रिजेक्ट झाला की मटेरियल खराब का मशीन, हेच आधी बघायचं असतं.” आम्हाला समजायला त्यांच्याहून अधिक वेळ लागला, हे कबूल करतो.

१९७७ साली डेनिस माकी यांनी सांगितलेली रीत निराळी होती. नळी काढून तिचे टोक जिवाणू वाढवण्याच्या बशीवर लोळवायचे. १५ किंवा अधिक वसाहती उगवल्या की नळी दोषी. पण त्यासाठी नळी आधी गमवावी लागते. ज्याच्या शिरा एकेक करून संपत आल्या, त्याला हे परवडत नाही. त्याचा जीव त्याच दाव्याने बांधलेला असतो.

नळीची बाटली ३ तास आधी बोलली. नळी काढली. काही दिवसांनी मानेच्या डाव्या बाजूला नवी बसवताना वडील डॉक्टरबाईंना म्हणाले, “निदान ही तरी टिकू द्या.”