लग्नातला कोट

माझ्याकडे कोट आहे, ही बातमी आमच्या शाखेत कशी फुटली कोण जाणे. मे महिन्यात वाशिमला अंगात बनियनसुद्धा नकोसे होते. तिथे कोट हा कपड्यांत मोडत नाही, शिक्षेत मोडतो.

पण आमच्या एका खातेदाराच्या गोदामात सोयाबीन बघायला जपानी पाहुणे यायचे होते. "इंटरनॅशनल मीटिंग आहे," मॅनेजर म्हणाले, "बँकेतर्फे कोणीतरी सुटाबुटात हवा." हा कोणीतरी म्हणजे मी.

कोट लग्नातला. वीस वर्षांत त्याने आपले माप राखले होते, मी नाही. खिशात अक्षता निघाल्या. टायची गाठ मेव्हण्याने मांडवात बांधून दिलेली. पुन्हा जमणार नाही या भीतीने ती आजतागायत सोडलेली नाही.

इथवर ठीक होते. पण बी. कॉम. झालेल्या माणसाला सल्ला दिल्यावाचून राहवत नाही. खातेदाराला मी म्हणालो, "आबा, परदेशी माणसं आहेत. धोतर नको, पोराची पँट घाला."

पाहुणे आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात! त्यांच्या सरकारनेच २००५ सालापासून उन्हाळ्यात कचेऱ्यांतला गारवा २८ अंशांवर ठेवून कोट-टाय सोडायला सांगितले आहे म्हणे. हे सांगताना दुभाष्या माझ्या गळ्याकडे बघत होता. तेवढ्यात लाइट गेली.

आबा मात्र गप्प. एरवी भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारा हा माणूस दोन्ही हातांनी पँट सावरीत खुर्चीच्या टोकाला बसला होता. भाव विचारला की माझ्याकडे बघे. मला काय ठाऊक? मला व्याजाचा दर ठाऊक.

तेव्हा जोतीराव फुले आठवले. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी होती. भरजरी पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा देश असा दिसतो, हे त्याला समोरासमोर ऐकवले. आणि मी? मी चांगल्या शेतकऱ्याला धोतर सोडायला लावले होते.

"आबा, धोतर नेसून या," मी कानात सांगितले.

ते गेले, आले आणि थेट ढिगापाशी उकिडवे बसले. दाणा दाताखाली फोडून म्हणाले, "आवाज आयका!" थोरला पाहुणाही शेजारी बसला, त्यानेही दाणा फोडला. मग तासभर अशी घासाघीस चालली की दुभाष्या पाणी मागू लागला.

मीही बसायला वाकलो, तो पाठीत कोट टर्रकन उसवला. आबांनी वळून पाहिले.

"सायेब, काढा ना तो आता," ते म्हणाले. "उकडत असन तुमाले."