आधी जन्मलेली माघार घेते

मनमाडच्या आसपास डाळिंब लावणाऱ्याला सूत्रकृमी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मुळांवर गाठी आल्या की तो त्यांनाच शिव्या घालतो. माझा कृमी मात्र पिकाला हात लावत नाही, जिवाणू खाऊन जगतो. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये तो अभ्यासासाठी निवडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट त्याच्याच चेतापेशींमधली वाहतूक अभ्यासतो. मी बघते ते वाढत्या शरीरातल्या पेशींचं एकमेकींशी चाललेलं बोलणं.

प्लॅटिनमची तार ज्योतीत तापवायची, निवू द्यायची, चपट्या टोकावर जिवाणूंचा चिकट थर घ्यायचा आणि कृमी अलगद उचलायचा. वीस अंशांना अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला तीन-साडेतीन दिवस लागतात. मला हवे असलेले तास त्यात थोडेच, आणि ते बरेचदा रात्री येतात.

जननग्रंथीत दोन शेजारणी असतात, अगदी सारख्या. दोघीही ‘अँकर सेल’ होऊ शकतात, पण होते एकच. दुसरी गर्भाशयाच्या कामाला लागते. जंक्शनच्या गावात वाढलेलं मन इथेही सिग्नल देणारी केबिन शोधतं. पण इथे केबिन नाही. दोघी एकमेकींना निरोप देतात. जिला तो किंचित जास्त पोचतो ती स्वतःचं बोलणं कमी करते, मग दुसरीचा आवाज आणखी चढतो. बहुतेकदा आधी जन्मलेलीच माघार घेते. मला हे फार विलक्षण वाटतं. दोघींपैकी एक लेझरने जाळली, तर उरलेली हमखास अँकर होते.

ही अँकर मग खालच्या त्वचेतल्या सहा पेशींशी बोलते. सर्वांत जवळची मुख्य काम घेते आणि दोन्ही बाजूंच्या शेजारणींना वेगळं काम करायला लावते. उरलेल्या तिघी त्वचेतच मिसळतात. मुख्य काम घेणारी आणि तिच्या दोन शेजारणी, या तिघींच्या वंशातून २२ पेशींचं अंडी घालण्याचं द्वार बनतं. अँकर जाळली तर ते बनतच नाही, हे जुडिथ किंबल यांनी १९८१मध्ये दाखवलं.

अँकरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं रास हे प्रथिन आपल्यातही आहे. ते कायमचं चालू राहिलं की निरोप नसतानाही पेशी वागतात तो आल्यासारख्या. माणसाच्या अनेक कर्करोगांत हेच होतं. कृमीत त्याच बिघाडाने पोटाखाली एका द्वाराऐवजी उंचवट्यांची रांग उठते. सध्या माझ्या तारेवर हेच कृमी असतात.