घरांतलें विमान

विमानाचें वेड पुष्कळ मुलांस असतें. परंतु तें नुसतें वेड आहे कीं मनाचा खरा कल आहे, हें घरच्या माणसांनीं कसें ओळखावें? आमच्या घरीं हा प्रश्न धाकट्या बंधूमुळें उभा राहिला. आमचें गांव औसा. लातूर येथून अवघ्या वीस किलोमीटरांवर. त्यामुळें मुलानें दहावीनंतर तेथील शिकवण्यांस जावें व डॉक्टर अथवा इंजिनिअर व्हावें, ही वाट इकडे चांगली मळलेली आहे. धाकट्यास मात्र वैमानिक व्हावयाचें होतें. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास 200 तासांचें उड्डाण लागतें, आणि त्याचा खर्च कित्येक लाखांच्या घरांत जातो. तीर्थरूपांची शेती सोयाबीनची व तुरीची. ते म्हणाले, “अरे, शेताचा तुकडा मोडावयास मी भितों असें नाहीं, पण तुला विमान आवडतें कीं विमान चालविणाऱ्याचा पोशाख, एवढें आधीं मला कळूं दे.”

या एका वाक्यापायीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं घरांतच वैमानिकाची कोठडी बांधावयास घेतली. विमान चालविण्याचा हुबेहूब आभास देणारा संगणकाचा प्रोग्रॅम घरीं होताच. पण ओसरीवर बसून तो चालवूं लागावें, तों कोणी हाक मारी, कोणी पाणी मागे, कोणी मागें उभा राहून वाहवा करी. अशा ठिकाणीं परीक्षा कसली होणार? म्हणून चोहोंकडून बंद अशी जागा हवी होती.

ही युक्ति मूळची आमची नव्हे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथें 1929 च्या सुमारास लिंक यांनीं ऑर्गनच्या भात्यांवर आखूड पंखांची एक लांकडी पेटी बसविली. आपल्या भजनाच्या पेटीस भाता असतो, त्याच जातीचे हे भाते. त्यांत हवा भरली वा काढली कीं पेटी कले, वळे, नाक वर करी. आरंभीं ती करमणुकीच्या बागांतून खेळणें म्हणूनच खपली. पुढें 1934 सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचें काम आलें, खराब हवेंत अनेक वैमानिक प्राणांस मुकले, आणि तेव्हां सैन्यानें तशा सहा पेट्या विकत घेतल्या. दुसरें महायुद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. शिकाऊ वैमानिक आंत बसला कीं वरून झांकण लावीत. कारण असें कीं, ढगांत बाहेरचें कांहीं दिसत नाहीं, व कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय फसवितें. विमान संथपणें वळत असतांही तें सरळ चाललें आहे, असें वाटतें. तेथें मनावर नव्हे, कांट्यांवर विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या कोठडीस भाते नाहींत. ती जागच्या जागीं स्थिर असते. शेजारच्या सुतारकाकांनीं जुन्या दारांच्या चौकटी कापून सांगाडा करून दिला. त्यावर आम्हीं प्लायवूड ठोकलें. रुंदी 40 इंच ठेविली, कारण सेस्ना 172 या चार आसनी विमानाची आंतली रुंदी साधारण तेवढीच असते. आंतून बिनचकाकीचा काळा रंग दिला, म्हणजे पडद्याचा उजेड भिंतींवरून डोळ्यांत येत नाहीं. बैठकीखालीं एकेक फळी सरकवून पडद्यावरील क्षितिज डोळ्यांच्या पातळीस आणलें; यांतच दोन दिवस गेले. परंतु मोठी अडचण उष्म्याची. मे महिन्यांतील औशाचें ऊन, आणि त्यांत संगणकाची ऊब! ऊन हवा वर चढते, म्हणून तळाशीं भोकें पाडलीं व छताशीं जुन्या संगणकांतला पंखा वारा बाहेर फेंकील असा बसविला. आवाज अडविण्यास आंतून पोतीं लावावीं, अशी एकानें सूचना केली. पण विजेच्या तारांजवळ पोतें नको, असें तीर्थरूपांनीं ठणकावून सांगितलें. दार बाहेर उघडतें व त्यास कडी नाहीं.

पहिल्या आठवड्यांत गल्लींतील मुलांची रीघ लागली. प्रत्येकानें दोन-चार वेळां विमान आपटलें, मनसोक्त हंसून घेतलें. दुसऱ्या आठवड्यांत कोणी फिरकेना. धाकटा मात्र रोज बसे. पडद्यावर ढग दाट करून लातूरहून नांदेडास जावयाचें, वेग, उंची, दिशा व क्षितिज दाखविणाऱ्या कांट्यांवरून नजर सारखी फिरवीत उतरावयाचें, आणि जें चुकलें तें वहींत लिहावयाचें, असा त्याचा क्रम. मध्येंच वीज गेली कीं सारें पुन्हा पहिल्यापासून!

एके रात्रीं तीर्थरूपांनीं ती वही कंदिलाशीं धरून वाचली. ‘उंची दोनशें फूट जास्त.’ ‘वळण उशिरां.’ ‘वेग पाहिला नाहीं.’ पानेंच्या पानें अशीं. वही मिटून ते एवढेंच म्हणाले, “यांत पोशाख कुठें दिसत नाहीं.”

शेत अद्याप मोडलेलें नाहीं. आधीं गणित व भौतिकशास्त्र घेऊन बारावी नीट व्हावी, डोळ्यांची व प्रकृतीची तपासणी व्हावी, मग बोलूं, असें ठरलें आहे. तपासणींत कांहीं उणें निघालें तर सारें तेथेंच थांबेल, हें धाकट्यास ठाऊक आहे. या कोठडींतला एकही तास त्या 200 तासांत धरला जात नाहीं, हेंही ठाऊक आहे. तरी तो बसतो.

मुलांच्या वेडाचा खर्च पालकांस भिवविणारच. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, होय अथवा नाहीं म्हणण्यापूर्वीं, जेथें वाहवा पोंचत नाहीं अशी एक लहानशी जागा मुलास करून द्यावी, आणि तेथें तो काय करतो तें कांहीं दिवस स्वस्थपणें पाहावें.