पत्त्यातले सर्वनाम

सर्वनामांचा विचार आपण व्याकरणाच्या पहिल्या काही पाठांत उरकून टाकतो. नामाऐवजी येणारा शब्द ते सर्वनाम, ही व्याख्या शाळेत पाठ होते आणि पुढे पदव्युत्तर वर्गातही तिच्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. वस्तुतः 'मी' हा शब्द कोणत्याही एका नामाच्या जागी येत नाही. तो उच्चारणाऱ्याबरोबर फिरत राहतो. येस्पर्सनने १९२२ मध्ये अशा शब्दांना 'शिफ्टर' म्हटले आणि याकबसनने १९५७ च्या आपल्या निबंधात ती संकल्पना पुढे नेली. हे सारे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याचा रोकडा प्रत्यय मात्र आम्हांला संगणकाच्या एका पत्त्यात आला.

निमित्त झाले जात्यावरच्या ओव्यांचे. आमच्या विभागातील विद्यार्थी काही वर्षांपासून आपापल्या घरच्या आणि शेजारच्या वृद्ध स्त्रियांकडून ओव्या मिळवून आणतात. वह्या वाढल्या, ध्वनिमुद्रणे वाढली, तेव्हा संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने जँगो ही प्रणाली वापरून त्यांची एक छोटी सूची तयार करून दिली. विभागातल्या संगणकावर ती उघडली की ओवी दिसे, ऐकू येई, विषयानुसार शोधता येई. तिचा पत्ता होता १२७.०.०.१, आणि त्यापुढे दाराचा क्रमांक ८०००. वर्गातल्या मुलांनी उत्साहाने तोच पत्ता आपापल्या मोबाईलवर लिहिला. कोणाच्याही मोबाईलवर काही उघडले नाही.

कारण साधे आहे आणि व्याकरणाच्या माणसाला ते चटकन पटावे. १२७.०.०.१ हा कोणत्याही एका यंत्राचा पत्ता नव्हेच. प्रत्येक यंत्र त्याचा अर्थ 'मी स्वतः' असा लावते. विभागातल्या संगणकावर लिहिला तर तो विभागातला संगणक, मोबाईलवर लिहिला तर तो मोबाईल. मुलांचे मोबाईल आमच्या सूचीला शोधतच नव्हते. ते स्वतःलाच हाक मारत होते आणि आत कोणी नाही म्हणून परत येत होते. इंटरनेटच्या रचनाकारांनी १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते या स्वगतासाठी राखून ठेवले आहेत. ते थोडेथोडके नव्हेत, १ कोटी ६७ लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी कोणत्याही पत्त्यावर पाठविलेला निरोप यंत्राबाहेर पडत नाही.

ओवीचे तरी दुसरे काय असते? 'माझा बंधू', 'माझं माहेर', 'माझी मैना' हे शब्द गावोगावच्या जात्यांवर शतकानुशतके तेच राहिले. पण खुंट्याला जिचा हात लागला असेल तिचा भाऊ त्या 'माझा'मध्ये येऊन बसतो. शब्द एकच, पत्ता मात्र जिचा तिचा. म्हणूनच ओवीला कर्त्री सांगता येत नाही आणि तरीही प्रत्येक गाणारी ती आपली म्हणून गाते. लोकसाहित्याच्या पुस्तकांत याला सामूहिक कर्तृत्व असे भारदस्त नाव आहे. आम्हांला आता त्यापेक्षा १२७.०.०.१ हे उदाहरण अधिक नेमके वाटू लागले आहे.

सूची इतर यंत्रांना दिसायची तर तिला 'मी'मधून बाहेर काढावे लागते. ते काम दिसायला क्षुल्लक आहे. जँगोचा सर्व्हर सुरू करताना १२७.०.०.१ च्या जागी ०.०.०.० असे लिहायचे. ही चार शून्ये म्हणजे भेटीला जाण्याचा पत्ता नव्हे. 'या यंत्राला जेवढी दारे आहेत तेवढ्या साऱ्यांवर कान ठेव' एवढाच त्यांचा अर्थ. मग भेटीचा पत्ता कोणता? तो महाविद्यालयाच्या राऊटरने संगणकाला दिलेला असतो, आणि बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १९९६ च्या एका तांत्रिक दस्तऐवजाने असे पत्ते घरगुती वापरासाठी वेगळे काढले. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्तेही त्यांतच आले. जगात लाखो घरांत १९२.१६८.१.५ या पत्त्याचे यंत्र असेल, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडणार नाही; कारण हे पत्ते उंबऱ्याबाहेर चालतच नाहीत. हेही सर्वनामच झाले. फरक इतकाच की ते एकवचनी राहिले नाही.

तरीही दार लगेच उघडले नाही. आधी संगणकाच्या फायरवॉलने विचारले, हे जाळे खाजगी की सार्वजनिक? मग जँगो अडून बसला. आपल्याला ज्या नावाने हाक येईल ते नाव अनुमतीच्या यादीत नसेल तर तो उत्तरच देत नाही; तेव्हा १९२.१६८ चा तो पत्ता यादीत घालावा लागला. पुढे असे दिसले की पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेले मोबाईल इंटरनेट पाहू शकतात, पण एकमेकांना पाहू शकत नाहीत. तशी भिंत तेथे मुद्दाम घातलेली असते. आणि जी मुले मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर होती ती तर या घरातच नव्हती. सर्वांना एका वाय-फायवर आणले तेव्हा कोठे शेवटच्या बाकावरच्या मोबाईलमधून एक थकलेला, खणखणीत आवाज उमटला आणि वर्ग निःशब्द झाला.

मराठीला येथे एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीच्या एकाच शब्दात हे दोन्ही कोंबलेले असतात. सूची 'मी'मधून बाहेर पडली हे खरे; पण ती 'आम्ही'त आली की 'आपण'मध्ये? हा प्रश्न यंत्राने विचारला नाही. तो विचारला एका ओवीने.

एका विद्यार्थिनीच्या आजीने सासुरवासाच्या पाच ओव्या सांगितल्या होत्या. त्यांत दिराचे नाव होते, एका विहिरीचा उल्लेख होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "ह्या तुला म्हणून सांगितल्या बाय. गावात नको नेऊस." हे वाक्यही ध्वनिमुद्रणात होते, सूचीत मात्र त्याला रकाना नव्हता. त्याच आठवड्यात आमच्यातील एका सहकाऱ्याने सुचवले की आता एवढे जमले आहेच तर बोगद्याची सेवा वापरून सूची जगाला खुली करू. अशा सेवेत आपला संगणक स्वतः बाहेर जाऊन एका दूरच्या सर्व्हरशी संबंध जोडतो आणि तो सर्व्हर आपल्याला एक सार्वजनिक पत्ता देतो. तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला सूची उघडी. राऊटरची भिंत असून नसल्यासारखी.

सहकाऱ्याचे म्हणणे उथळ नव्हते. लोकसाहित्य कपाटात मरते, हे त्यांनी आम्हांला ऐकवले आणि ते खरे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने एक लाखांहून अधिक ओव्या जमविल्या; २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, गायिकांच्या नावागावासह. त्या कामाने मराठी स्त्रीच्या काव्याला जे स्थान मिळवून दिले ते कपाटातून कधीच मिळाले नसते. पण तेथे गाणारीला विचारून, तिचे नाव लावून, तिच्या दारी पुनःपुन्हा जाऊन ते झाले. आमच्या पुढ्यात होती ती एका रात्रीत सुरू होणारी सोय, आणि एक म्हातारी जी 'नको' म्हणाली होती. शिवाय जँगोचा हा सर्व्हर केवळ घडणीच्या काळासाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नव्हे, असे त्याचे कर्तेच सांगतात. त्यात चूक घडली की तो आपल्या आतल्या मांडणीचा तपशील पाहणाऱ्यापुढे मांडून ठेवतो.

आम्ही बोगदा खणला नाही. सूचीत एक रकाना वाढवला: ही ओवी कोणापर्यंत जावी? त्याची उत्तरे तीन ठेवली, मी, आम्ही आणि आपण. विद्यार्थी आता पुन्हा त्या त्या दारी जाऊन विचारत आहेत. बहुतेक आज्या हसून 'आपण'ला होकार देतात. काहींना आपला आवाज नको, शब्द चालतात. त्या पाच ओव्या 'मी'मध्ये आहेत. नातीने त्या आमच्याही सूचीतून काढून नेल्या आणि ते तिने योग्यच केले.

ब्राउझरचाही असाच एक नियम मुलांनी शोधून काढला. सूचीतूनच थेट ध्वनिमुद्रण करण्याची सोय १२७.०.०.१ वर विनातक्रार चालते. तीच १९२.१६८ वर, साध्या जोडणीने, मोबाईलवरून करू पाहिली तर ब्राउझर मायक्रोफोन देतच नाही. आधी सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र मागतो. स्वतःशी बोलणाऱ्यावर तो विश्वास ठेवतो. दुसऱ्याचा आवाज घ्यायचा असेल तर तू कोण ते आधी सिद्ध कर, म्हणतो. लोकसाहित्याच्या संकलनपद्धतीवर आम्ही यंदा जे व्याख्यान देणार आहोत, त्याचा प्रारंभ या नियमाने करावयाचे ठरवले आहे.